साहेबाच्या टोपीवरचं पितळ

मांडव्याच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहताना आमचे एक वडीलधारे शेजारी मला नेहमी विचारतात, "काय मास्तर, साहेब गेला, त्याच्या टोपीवरचं पितळ तुम्ही कशाला जपता?"

प्रश्न रास्त आहे. ब्रिटिश घोडदळातील रिसाल्यांचे जुने बिल्ले जमवण्याचा मला नाद आहे. त्या नादाचा हिशेब आज श्रोत्यांपुढे मांडावा म्हणतो.

मांडव्याहून पलीकडे मुंबई दिसते. तिथे ससून डॉकवर १८९६ च्या ऑक्टोबरात 'फोर्थ हुसार्स' या रिसाल्याचा एक तरुण अधिकारी होडीतून उतरत होता. त्याने भिंतीतली लोखंडी कडी धरली, तोच लाटेबरोबर होडी खाली गेली आणि त्याचा खांदा निखळला. हा अधिकारी म्हणजे विन्स्टन चर्चिल. त्याने स्वतःच पुढे हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका जुन्या बाजारात विक्रेत्याने मला याच रिसाल्याचा बिल्ला दाखवला. "चर्चिलसाहेबाबरोबर आलेला माल आहे," म्हणाला. मी भुललो. सांगितली ती किंमत मोजून शेवटच्या बोटीने घरी आलो. आईने कौतुकाने चिंच लावून तो घासला. वरचा मुकुट स्पष्ट झाला आणि अक्षरशः पितळ उघडं पडलं!

त्याचं असं आहे की, बिल्ल्याचा काळ मुकुटावरून ओळखतात. व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली. तिच्यानंतर गादीवर आलेल्या राजांच्या काळातील बिल्ल्यांवर मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल असतात. १९५२ साली एलिझाबेथ राणी आली. तिच्या काळातील मुकुट मधोमध दबलेला. माझ्या बिल्ल्यावर गोल घुमट होता. मग तो १८९६ साली चर्चिलच्या टोपीवर कसा असेल? बिल्ला खरा होता, गोष्ट खोटी होती.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला पुण्याच्या वाटेवर सापडलं. जून १८१७ च्या पुणे तहाने इंग्रजांनी बाजीरावाकडून मुलूख घेतला. त्याच्या वसुलातून इंग्रजांच्या हुकमतीखाली एक घोडदळ उभं राहिलं. सात महिनेही झाले नव्हते, तोच १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला हे स्वार पेशव्यांच्याच फौजेविरुद्ध लढत होते! हाच पुढे 'पूना हॉर्स' झाला.

१९५० साली आपण प्रजासत्ताक झालो आणि सैन्याच्या चिन्हांवरचा मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. रिसाला राहिला, घोड्यांऐवजी रणगाडे आले. याच पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १९६५ च्या युद्धात आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ च्या युद्धात धारातीर्थी पडले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

म्हणून शेजाऱ्यांना मी म्हणतो, "काका, मुकुट साहेबाचा खरा, पण मुलूख आपला होता, स्वारही आपले होते. हिशेब पुरा करायचा तर साहेबाच्या बाजूचा कागदही फाडून चालत नाही."

काका हसतात. पण त्यांच्या घरातल्या जुन्या पेटीत पितळेचं एखादं बटण आहे का, हे बघायला ते परवा माळ्यावर चढले होते म्हणे!