खानदेशचा फारुकी वारसाकलह (१५०८–०९) व मलिक हिसामुद्दीनचा वध

तापीकाठच्या थाळनेर (ता. शिरपूर, जि. धुळे) आणि बऱ्हाणपूर येथे गादीवरून झालेले गृहयुद्ध. आजचे धुळे व जळगाव जिल्हे तेव्हा फारुकी सुलतानांच्या अमलाखाली होते.

पार्श्वभूमी : घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा (मृ. १३९९) याने थाळनेरला सत्ता उभी केली. मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला व बऱ्हाणपूर वसवले, तरी घराण्यातल्या पुष्कळ पुरुषांचे दफन थाळनेरलाच होत राहिले. आदिलखान दुसरा १५०१ मध्ये निपुत्रिक वारला आणि भाऊ दाऊदखान गादीवर आला. तो ऑगस्ट १५०८ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा गझनीखान याला जेमतेम काही दिवसच राज्य लाभले. त्याला विष देण्यात आले. आळ मलिक हिसामुद्दीन मोगल या सरदारावर येतो. त्याने हे का केले, याबद्दल एकवाक्यता नाही.

दोन आलमखान : गादीचे दोन्ही दावेदार आलमखान याच नावाचे असल्याने जुन्या इतिहासांत फार घोटाळा आढळतो. एक अहमदनगरच्या आश्रयाला असलेला फारुकी वंशज. त्याच्या पाठीशी हिसामुद्दीन, अहमद निजामशहा आणि वऱ्हाडचा इमादुल्मुल्क. दुसरा गुजरातेत वाढलेला, तिथल्या सुलतान महमूद बेगड्याचा दौहित्र. मलिक लादन हा सरदार पहिल्याच्या विरोधात होता. खानदेशची गादी कोणाला मिळावी हे खानदेशाबाहेरच ठरत होते, आणि या कलहाचे खरे मर्म हेच आहे.

थाळनेरचा दरबार : बेगडा स्वतः सैन्य घेऊन निघाला. तो थाळनेरला येतो असे कळताच, खानदेशात आलेले निजामशहा व इमादुल्मुल्क काही हजार स्वार मागे ठेवून माघारी फिरले. हिसामुद्दीनही शरण आला. एप्रिल १५०९ मध्ये, बकरी ईदनंतर, बेगड्याने थाळनेरला दरबार भरवून नातवाला आदिलखान (तिसरा) या नावाने गादीवर बसवले. गुजराती तवारिखांनी या दरबारातल्या बक्षिसांची याद हौसेने दिली आहे : नव्या सुलतानाला चार हत्ती व तीस लाख टंके, लादनला ‘खान जहान’ हा किताब व त्याचे जन्मगाव बनास इनाम, हिसामुद्दीनला ‘शहरयार’ हा किताब व सुलतानपूरकडचे धनोरे गाव. कालपर्यंतच्या शत्रूला गाव इनाम देऊन बांधून ठेवणे ही त्या काळची रूढ रीत. लढाई फारशी झालीच नाही, म्हणून या यादीला महत्त्व.

हिसामुद्दीनचा वध : इनाम मिळाले तरी हिसामुद्दीनची अहमदनगरशी बोलणी चालूच राहिली. आदिलखानाने त्याला थाळनेरहून बऱ्हाणपुरास बोलावले. तो घोडदळाचा मोठा जमाव घेऊन आला. सुलतानाने सत्कार केला, हाताला धरून खासगी दालनात नेले, बोलणे झाले, निरोपही दिला. तो निघत असतानाच सुलतानाच्या गुजराती हत्यारबंदांपैकी एकाने तलवारीने त्याचे दोन तुकडे केले. बाहेर त्याच्या साथीदारांची कत्तल झाली. तवारिखा याला राजद्रोहाची शिक्षा म्हणतात. त्या गुजरातच्या बाजूच्या आहेत, हे लक्षात घ्यावे. या वधाने अहमदनगरच्या पक्षाला खानदेशात पुढारी उरला नाही आणि कलह संपला.

आदिलखान तिसरा : मृ. १५२०.

नंतर : गुजरातशी जडलेले सोयरेपण टिकले. आदिलखानाचा मुलगा मीरान मुहम्मद याला १५३७ मध्ये, तिथला सुलतान बहादुरशहा दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मारला गेल्यावर, गुजरातचा सुलतान म्हणून घोषित करण्यात आले. तिकडे जात असताना वाटेतच तो वारला. खानदेशात फारुकी सत्ता अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेईपर्यंत चालली.

अवशेष : थाळनेर येथे फारुकींच्या कबरी आहेत, त्यांतील कोरीव कामाची अष्टकोनी कबर पाहण्यासारखी.