पौरुषाचे मोजमाप

खोंड खच्ची केला की त्याचा शांत आणि कष्टाळू बैल होतो, हे माळव्यातील व वऱ्हाडातील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोंबड्याचे वृषण काढले की त्याचा तुरा सुकतो, तो बांग देईनासा होतो आणि भांडणेही सोडतो. इटलीतील चर्चच्या गायनवृंदांत मुलांचा आवाज फुटू नये म्हणून त्यांच्या नशिबी हेच दुःख येई. त्या गायकांपैकी अलेस्सांद्रो मोरेस्की हा 1922 पर्यंत हयात होता. आम्हां कॅथलिकांनी अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट नव्हे. परंतु ह्या विषयाच्या इतिहासात ती टाळताही येत नाही.

वृषणांत असे काही तरी आहे की ज्याचा अंमल साऱ्या देहावर चालतो, एवढे ज्ञान मनुष्यास फार पूर्वीपासून होते. सुश्रुतसंहितेच्या वाजीकरण-प्रकरणात बोकडाचे वृषण दुधात शिजवून घेण्यास सांगितले आहे, ते ह्याच समजुतीने. मात्र ते 'काही तरी' म्हणजे काय, आणि एखाद्याच्या अंगी ते किती आहे, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा अधिक महत्त्वाचा ठरला, हेच आज मला सांगावयाचे आहे.

1849 मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड ह्या प्राध्यापकाने सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. काहींचे वृषण काढून टाकले, तर काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसविले. ज्यांच्या पोटात वृषण बसविले त्यांचा तुरा पूर्ववत् वाढला, ते बांग देऊ लागले आणि झुंजूही लागले. मूळच्या मज्जातंतूंशी त्या वृषणांचा काहीएक संबंध उरलेला नव्हता. अर्थात् त्यांतील द्रव्य रक्तावाटेच सर्वांगी पोहोचत असले पाहिजे, असे बर्टहोल्डने अनुमान काढले. अनुमान अचूक होते. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

लक्ष वेधले ते चाळीस वर्षांनंतर, आणि तेही एका चुकीने. 1889 च्या जून महिन्यात पॅरिसच्या विद्वत्सभेत शार्ल ब्राउन-सेकार हे नामांकित शरीरशास्त्रज्ञ उभे राहिले. वय बहात्तर. कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःस टोचून घेतला आणि आपली शक्ती, उत्साह व कामाचा उरक परत आला, असे त्यांनी जाहीर केले. जगभर खळबळ उडाली आणि असले अर्क विकणारांची चंगळ झाली. पुढे 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच पद्धतीने अर्क तयार करून तपासला, तेव्हा त्यात टेस्टोस्टेरॉन इतके अत्यल्प आढळले की त्याने शरीरावर काही परिणाम होणे शक्यच नव्हते. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही! मग त्या वृद्ध शास्त्रज्ञास जी शक्ती आली ती कोठली? ती त्यांच्या श्रद्धेची होती. ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्याजवळ मोजण्याचे साधन नव्हते, इतकेच.

त्यानंतर सेर्ज व्होरोनॉफ ह्यांनी 1920 पासून पॅरिसमध्ये श्रीमंत वृद्धांच्या अंगात माकडांच्या वृषणांचे तुकडे बसविले. व्हिएन्नाच्या श्टाइनाख ह्यांनी शुक्रवाहिनी बांधून तारुण्य परत आणण्याचा दावा केला. इंग्रजी 'गीतांजली'ची प्रस्तावना लिहिणारे कवी येट्स ह्यांनी 1934 मध्ये हीच शस्त्रक्रिया करवून घेतली आणि आपणांस नवे चैतन्य लाभले असे ते मानीत.

आपल्याकडेही ही लाट येऊन पोहोचली. बर्लिनहून आलेल्या 'ओकासा' नावाच्या गोळ्यांच्या जाहिराती 1930 नंतरच्या दशकात मुंबईच्या वृत्तपत्रांतून झळकत असत. त्याच काळात रघुनाथ धोंडो कर्वे 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून, ह्या विषयांवर कुजबुज न करता शास्त्रीय भाषेत बोला, असे समाजास सांगत होते. त्यापायी त्यांस खटले सोसावे लागले. गोळ्यांच्या जाहिराती राजरोस आणि ज्ञानाच्या मासिकावर मात्र खटले, असा तो न्याय होता!

1935 हे ह्या कथेतील मोठे वर्ष. ॲमस्टरडॅम येथे लाकर ह्यांच्या प्रयोगशाळेने बैलांच्या सुमारे 100 किलो वृषणांतून अवघे 10 मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य वेगळे केले व त्यास 'टेस्टोस्टेरॉन' हे नाव मिळाले. त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का ह्यांनी कोलेस्टेरॉलपासून ते कृत्रिम रीतीने बनविले, आणि 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघांना विभागून मिळाले. आता औषध हाती आले; परंतु ते कोणास द्यावयाचे हे ठरविणार कसे? तेव्हाचे मोजमाप म्हणजे पुन्हा कोंबडाच! खच्ची केलेल्या कोंबड्याला द्रव्य देऊन त्याचा तुरा किती वाढला ते पाहावयाचे. दवाखान्यातील रुग्णासाठी ही रीत काय कामाची?

ही अडचण दूर झाली ती न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन ह्यांनी 1960 च्या सुमारास किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिनचा अगदी सूक्ष्म अंशही मोजण्याची युक्ती शोधली. पुढे तीच युक्ती टेस्टोस्टेरॉनलाही लागू झाली. यॅलो ह्यांना त्याबद्दल 1977 चे नोबेल मिळाले. बर्सन तत्पूर्वीच निवर्तले होते. त्या दिवसापासून मोजमाप बाटलीवरील जाहिरातीकडून प्रयोगशाळेच्या कागदाकडे आले.

आजची उपचारपद्धती ह्याच मोजमापावर उभी आहे. हे संप्रेरक पहाटे-सकाळी अधिक व सायंकाळी कमी असते. म्हणून रक्त सकाळी द्यावयाचे, आणि तेही दोन निरनिराळ्या दिवशी. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा धरली आहे. परंतु केवळ आकडा पुरेसा नाही, लक्षणेही असावी लागतात. दोष वृषणात आहे की मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीत, हेही शोधावे लागते. उपचार सुरू झाल्यावर रक्त दाट होत नाही ना हे पाहतात, आणि तांबड्या पेशींचे प्रमाण 54 टक्क्यांवर गेले तर औषध थांबवितात. प्रौढ पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची चाचणीही करतात. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचे झटके औषधाने वाढले नाहीत, असे त्यात दिसले. मात्र हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे व फुप्फुसात रक्ताची गाठ अडकण्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे हे औषध विषही नव्हे आणि अमृतही नव्हे.

आमच्या भोपाळात 1955 पासून गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, 2012 पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. तरीही स्थानकाजवळच्या भिंतींवर 'मर्दानगी' परत आणून देण्याची रंगीत आश्वासने वाचावयास मिळतात, आणि व्यायामशाळांतील कोवळी मुले दंड फुगविण्यासाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून सुया टोचून घेतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पीयूषिका ग्रंथी आपला निरोप धाडणे बंद करते, वृषणांचे काम मंदावते आणि शुक्रजंतूंची निपज घटते वा थांबते, हे त्यांना कोणी सांगत नाही. ज्याने पौरुष वाढवावयास घेतले त्याचेच पितृत्व त्यामुळे धोक्यात येते. कित्येकांचे ते पूर्ववत् होण्यास महिनेच्या महिने लागतात.

दुसरीकडे, ज्यास ह्या औषधाची खरोखर गरज असते, तो लाजेने घरी बसतो. गालफुगीत वृषण सुजून निकामी झालेला, जन्मतःच एक गुणसूत्र अधिक असलेला, किंवा पीयूषिकेत गाठ झालेला तरुण दाढी फुटत नाही म्हणून समवयस्कांची थट्टा सोसतो, त्याची हाडे ठिसूळ होत जातात, आणि आईबाप अंगारेधुपारे करीत राहतात. पुष्कळदा सकाळच्या रक्ताची एक साधी चाचणी त्याच्या आजाराचा माग दाखवू शकली असती.

ब्राउन-सेकार ह्यांच्याजवळ विद्वत्ता होती, प्रामाणिकपणा होता. नव्हते ते मोजण्याचे साधन. आपल्याजवळ ते साधन आहे. विद्वानास जे मिळाले नाही ते हाताशी असताना आपण भिंतीवरच्या अक्षरांवर विश्वास ठेवावा, की संकोच सोडून डॉक्टरांपुढे बसावे, ह्याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या मुलांसाठी तरी द्यावयास हवे.