शिशाचं वजन आणि नियमाचा अर्थ



लहानपणी जत्रेत मिळणारी एक बाहुली तुम्हाला आठवत असेल. कितीही आडवी पाडा, डोलत डोलत पुन्हा उभी राहायची. तिच्या बुडाशी काहीतरी जड भरलेलं असायचं आणि वरचं अंग पोकळ. शिडाची होडी वाऱ्यात उभी राहते, तीही याच हिशेबाने. वारा शिडाला एका बाजूला ढकलतो आणि तळाशी ठेवलेलं वजन होडीला परत सरळ करतं. तोल राखण्यासाठी ठेवलेल्या या वजनाला बॅलास्ट म्हणतात. पूर्वी दगड, वाळू, लोखंड भरायचे. शर्यतीच्या होड्यांत मग शिसं आलं, कारण थोड्या जागेत जास्त वजन मावतं.

आजच्या इतिहासाच्या गप्पा या वजनाच्या आहेत आणि त्यावर माणसांनी केलेल्या नियमांच्या. गोष्ट मोठ्या होड्यांपासून सुरू होते आणि तळ्यात सोडायच्या मॉडेल होड्यांपाशी येऊन थांबते. मॉडेल होडी म्हणजे खेळणं समजू नका. मीटरभर लांब, खरं शीड, खरं सुकाणू. काठावर उभं राहून रेडिओच्या यंत्राने ती चालवतात आणि तिच्या आंतरराष्ट्रीय शर्यती होतात. या होड्यांचे वजनाचे नियम इतके बारीक का, हे समजायचं तर आधी दीडशे वर्षं मागे जायला हवं.

शर्यत म्हटली की पहिला प्रश्न येतो, कुणाची होडी किती मोठी? मोठी होडी साधारणपणे जोरात जाते. म्हणून वेगवेगळ्या होड्यांना एकत्र पळवायचं तर प्रत्येकीचं काहीतरी माप घ्यावं लागतं आणि मोठीने लहानीला वेळेची सूट द्यावी लागते. 1855 साली लंडनच्या रॉयल थेम्स यॉट क्लबने असं एक सूत्र केलं. लांबीतून रुंदी वजा करायची, त्याला रुंदीने गुणायचं, पुन्हा निम्म्या रुंदीने गुणायचं आणि 94 ने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे होडीचे टन. यात खोली कुठेच नाही, हे लक्षात आलं का? खोली मोजायला अवघड, म्हणून निम्मी रुंदी म्हणजेच खोली असं धरून टाकलं.

झालं, होड्या बांधणाऱ्यांना वाट सापडली. रुंदी दोनदा गुणली जाते, म्हणजे रुंदी महाग. खोली मोजलीच जात नाही, म्हणजे खोली फुकट. वर्षागणिक इंग्लंडच्या शर्यतीच्या होड्या अरुंद आणि खोल होत गेल्या. अरुंद होडी सहज कलंडते, म्हणून तळाला शिसं ठोकायचं. शिसं वाढलं की शीड वाढवता येतं, शीड वाढलं की आणखी शिसं. अशा होड्यांना लोक कडेवर उभी केलेली फळी म्हणू लागले.

तिकडे अमेरिकेत उलट चाललं होतं. न्यूयॉर्कच्या आसपास पाणी उथळ, तेव्हा होड्या पसरट, बशीसारख्या. तिथल्या छोट्या शर्यतींत वाळूची पोती वापरत. एकेक पोतं वीस-बावीस किलोचं. होडी वळली की गड्यांनी सगळी पोती उचलून वाऱ्याकडच्या बाजूला टाकायची, पुन्हा वळली की पुन्हा उचलायची. वजन हलवता येतं म्हटल्यावर शीडही अफाट मोठं लावत. एखादं वळण चुकलं की होडी उपडी. शर्यती पैशांवर होत, म्हणून धोका पत्करणारेही पुष्कळ असत.

20 जुलै 1876. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटाजवळ मोहॉक नावाची मोठी श्रीमंती होडी नांगर टाकून उभी होती. रुंदी सुमारे 30 फूट, पण तळ पाण्यात जेमतेम 6 फूट. मालक विल्यम गार्नर, मोठा गिरणीमालक, पत्नी आणि पाहुण्यांना घेऊन फिरायला निघाला होता. शिडं वर चढवलेली होती. आभाळ भरून आलं आणि वाऱ्याचा एकच जबर झोत आला. होडी कलली, पाणी आत शिरलं. खाली केबिनमध्ये बायका होत्या. आतलं वजन आणि सामान घसरून एका बाजूला आलं आणि त्याखाली त्या अडकल्या. गार्नर पत्नीला सोडवायला खाली उतरला, तो वर आलाच नाही. दोघंही गेले, त्यांच्याबरोबर आणखीही काही जण गेले.

मैत्रिणींनो, ज्या वजनाने होडी उभी राहायची, त्याच वजनाने आतल्या माणसांची वाट अडवली. वजन किती हा एक प्रश्न. पण ते कुठे आहे आणि जागेवर पक्कं आहे का, हा त्याहून मोठा प्रश्न.

दहा वर्षांनी इंग्रजांची पाळी आली. तोवर त्यांनी आपलं सूत्र बदललं होतं, पण रुंदीवरचा भार तसाच होता आणि खोली अजूनही मोकळीच होती. विल्यम इव्हान्स पॅटन नावाच्या तरुण आरेखकाने ऊना ही होडी काढली. पाण्याच्या रेषेवर लांबी 34 फूट आणि रुंदी साडेपाच फूट. म्हणजे एखादा मध्यम उंचीचा माणूस आत आडवा झोपला तर त्याचं डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला टेकावेत. होडीच्या एकूण वजनातला मोठा वाटा नुसत्या शिशाचा होता. नियमात ती अगदी चोख बसत होती. 1886 च्या मे महिन्यात पहिल्याच मोठ्या प्रवासात आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळात ती फुटली. आत पॅटन होता आणि त्याचे सोबती होते. कुणी वाचलं नाही.

नियम करणाऱ्यांनी मुद्दाम कुणाला बुडवलं नव्हतं. त्यांनी मोजायला सोपं ते मोजलं आणि जे अवघड ते गृहीत धरलं. बांधणाऱ्यांनीही नियम मोडला नव्हता. त्यांनी अक्षर पाळलं, आणि अक्षर पाळूनच होडी धोक्याची झाली. 1887 च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये नवं सूत्र आलं, डिक्सन केम्प यांनी सुचवलेलं. लांबी गुणिले शिडाचं क्षेत्रफळ, भागिले 6000. रुंदीवरचा भार गेला आणि होड्या पुन्हा ऐसपैस झाल्या.

आता तळ्याकाठी येऊ. लंडनच्या केन्सिंग्टन बागेत गोल तळं आहे. तिथे आणि इंग्लंडच्या इतर तळ्यांवर तेव्हाही मॉडेल होड्यांच्या शर्यती होत. या मंडळींनी केम्प यांचं सूत्र जसंच्या तसं उचललं, फक्त फुटाच्या जागी इंच घेतला. त्यातून टेन-रेटर नावाचा वर्ग तयार झाला. मोठ्या होड्यांनी ते सूत्र पुढे सोडून दिलं, मॉडेलवाल्यांनी मात्र कितीतरी दशकं सांभाळलं. मॉडेलमध्ये कुणी बुडत नाही, म्हणून प्रयोगाला भीती नाही. साहजिकच नियमाची प्रत्येक फट तिथे फार लवकर सापडते.

1930 च्या सुमारास अमेरिकेतल्या मार्बलहेड गावी आणखी सुटसुटीत वर्ग निघाला. लांबी 50 इंच, शीड 800 चौरस इंच, बस. वजनाला बंधन नाही. पण एक गोष्ट तिथे सुरुवातीपासून स्पष्ट होती, हलतं बॅलास्ट चालणार नाही.  वजन मोकळं ठेवल्यामुळे पुढच्या काळात मार्बलहेड होड्या हलक्या होत गेल्या, तळाखालचं पातं खोल होत गेलं आणि शिशाचा गोळा त्याच्या टोकाला गेला. शेवटी खोलीलाही मर्यादा घालावी लागली. मोजलं नाही ते वाढत जातं, ही जुनी गोष्ट तळ्यातही घडली.

नियमाचा अर्थ लावायचा कुणी, याचं गाजलेलं उदाहरण मात्र मोठ्या होड्यांचंच आहे. 1983 साली अमेरिका कपच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाची ऑस्ट्रेलिया 2 ही होडी उतरली. बंदरात तिच्या तळाभोवती कायम पडदा बांधलेला असे. आरेखक बेन लेक्सन यांनी तळाच्या शिशाला दोन बाजूंना पंख काढले होते. त्यामुळे वजन आणखी खाली गेलं. त्याआधी नेदरलँड्समधल्या चाचणी-हौदात मॉडेल ओढून त्याची परीक्षा झाली होती. न्यूयॉर्कच्या क्लबने हरकत घेतली, की हे पंख नियमात बसत नाहीत. पण नंतर कळलं, ब्रिटिश मंडळींनी असाच प्रश्न आधीच आंतरराष्ट्रीय संघटनेला विचारला होता आणि पंख चालतील असं उत्तर मिळालं होतं. हरकत बारगळली. 26 सप्टेंबर 1983 ला ऑस्ट्रेलिया 2 जिंकली आणि 132 वर्षं अमेरिकेत राहिलेला चषक पहिल्यांदा बाहेर गेला.

यात शिकण्यासारखं हे, की नियमाचा अर्थ शर्यतीच्या दिवशी आरडाओरडा करून लागत नाही. आधी लेखी विचारायचं, ज्याला अधिकार आहे त्याने लेखी सांगायचं आणि ते उत्तर सगळ्यांना सारखं लागू करायचं.

या सगळ्या अनुभवाचं सार 1988 च्या इंटरनॅशनल वन मीटर या मॉडेल वर्गात दिसतं. लांबी जास्तीत जास्त 1 मीटर. संपूर्ण होडीचं वजन कमीत कमी 4 किलो. तळाखालचं पातं आणि त्याच्या टोकाचा शिशाचा गोळा, दोन्ही मिळून 2 किलो 200 ग्रॅम ते 2 किलो 500 ग्रॅम. पाण्याखालची एकूण खोली 420 मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. आणि गोळ्यासाठी शिशाहून जड धातू चालणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हलकी होडी जोरात जाते, तर कमीत कमी वजनाची अट कशाला? कारण हलकेपणाला पैसे पडतात. महागडे धागे, महागडी यंत्रं आणली की होडी हलकी होते आणि वाचलेलं वजन तळाशी शिसं म्हणून वापरता येतं. टंगस्टन तर शिशाच्या सुमारे 1.7 पट जड. गोळा लहान होतो, पाणी कमी अडतं, पण किंमत कुठल्या कुठे जाते. 4 किलोची अट आणि शिशाची अट, दोन्ही मिळून घरच्या टेबलावर लाकडाची होडी बांधणाऱ्याला स्पर्धेत ठेवतात.

समजा, तुम्ही होडी बांधली आणि काट्यावर ती 3 किलो 880 ग्रॅम भरली. 120 ग्रॅम कमी पडतात. कुठे घालाल? गोळ्यात घालावेसे वाटतील, पण पातं आणि गोळा मिळून अडीच किलोच्या पुढे जाता येत नाही. तिथे जागा संपली असेल तर शिशाचा तुकडा होडीच्या आत पक्का बसवायचा. सैल ठेवायचा नाही आणि शर्यत चालू असताना हलवायचा नाही. आत पाणी झिरपून काटा 4 किलोवर गेला, असंही चालत नाही. वजन कोरड्या होडीचं धरतात. उलट, खूप जास्त शिसं घातलं तर होडी पाण्यात अधिक बसते आणि खोलीच्या मापात अडकते. म्हणून जुने बांधणारे होडी शंभरेक ग्रॅम हलकीच करतात आणि तेवढं शिसं हवं तिथे बसवतात.

मग खरा वाद येतो. रेडिओच्या यंत्राला बॅटरी लागते, तिलाही वजन असतं. ती होडीच्या तळाशी ठेवली तर ते बॅलास्ट झालं का? ती यंत्र चालवते, तिला नियमात जागा आहे, म्हणून ठीक. पण कुणी ती शिशाच्या गोळ्यात बसवायचं म्हटलं तर? इथे या वर्गाच्या नियमांची रीत कामाला येते. जे करायला परवानगी लिहिलेली आहे तेवढंच करायचं. जे लिहिलेलं नाही ते मना. जुन्या काळी याच्या उलट होतं. मना लिहिलेलं नसेल ते सगळं मोकळं, आणि त्यातूनच ऊनासारख्या होड्या निघाल्या. आता परवानगी कुठे लिहिली आहे हे बांधणाऱ्याने दाखवायचं. सापडत नसेल तर शिसं ओतण्याआधी वर्गाच्या संघटनेला विचारायचं.

आपल्या बचतगटातही असे प्रसंग येतात. उशिरा हप्ता भरला तर दंड, असं वहीत लिहिलेलं असतं. मग कुणीतरी विचारते, की मुलाने वेळेवर आणून दिला पण अध्यक्ष घरी नव्हत्या, तर दंड कुणाला? अशा वेळी आवाज कुणाचा मोठा यावर निकाल लागला, तर पुढच्या महिन्यात गट फुटतो. नियम कशासाठी केला होता ते आठवायचं, सगळ्यांसमोर ठरवायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी तो प्रश्न ज्या बाईचा असेल, तिलाही तेच लागू.

तळ्यात सोडलेली मॉडेल होडी उलटली तर फार तर कपडे भिजवून ती काढावी लागते. पण तिच्या पातळशा नियमपुस्तकात मोहॉकमध्ये अडकलेल्या बायका आहेत, ऊनाबरोबर गेलेली माणसं आहेत. वजन पक्कं बांधा, खोली मोजा, शिशाहून जड काही वापरू नका, ही वाक्यं वाचताना कंटाळवाणी वाटतात. ती कुठून आली हे कळलं की वाटत नाहीत.

आज इथेच थांबते. नमस्कार.