कायद्याकडे दुर्लक्ष आणि कायदेभंग : म्हैसूरच्या इतिहासातील दाखला

म्हैसूर : कायदा न पाळण्याची कृती बाहेरून एकसारखी दिसली, तरी तिच्यामागील वृत्ती भिन्न असू शकते. दुर्लक्ष करणाऱ्याला कायदा बदलायचा नसतो; आपण पकडले जाणार नाही, एवढीच त्याची आशा असते. सविनय कायदेभंग करणारा मात्र अन्यायकारक वाटणारा नियम उघडपणे मोडतो आणि त्याची शिक्षा स्वीकारतो. महात्मा गांधींच्या विचारात हा उघडपणा आणि अहिंसा यांना मध्यवर्ती स्थान होते.

पूर्वीच्या म्हैसूर संस्थानात या भेदाचे ठळक उदाहरण आढळते. एप्रिल १९३८ मध्ये मद्दूरजवळील शिवपूर येथे म्हैसूर काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसचा ध्वज फडकावण्यास मनाई असतानाही अध्यक्ष टी. सिद्धलिंगय्या यांनी तो जाहीरपणे फडकावला व अटक पत्करली. २५ एप्रिल रोजी विदुराश्वत्थ येथे जमावावर झालेल्या गोळीबारात अनेकांचा बळी गेला. त्यानंतर दिवाण मिर्झा इस्माईल आणि सरदार वल्लभभाई पटेल यांच्यात समझोता झाला. संस्थानाच्या ध्वजासोबत काँग्रेसचा ध्वज लावण्यास मान्यता मिळाली. गुपचूप ध्वज लावून हा बदल घडला नसता.

स्वातंत्र्यानंतरही जबाबदार शासनपद्धतीसाठी सप्टेंबर १९४७ मध्ये 'म्हैसूर चलो' आंदोलन सुरू झाले. त्यात म्हैसूर शहरात रामस्वामी हा विद्यार्थी गोळीबारात मृत्युमुखी पडला. शहरातील एक चौक आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. ऑक्टोबरमध्ये के. सी. रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली लोकप्रिय मंत्रिमंडळ सत्तेवर आले.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हेतूची उदात्तता हा बचाव ठरत नाही. कायद्याचे अज्ञान ही सबब सर्वसाधारणपणे चालत नाही. लोकसेवकाने काढलेल्या मनाई आदेशाबाबत भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम १८८) आदेशाची माहिती असणे आवश्यक मानते. हानी करण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. त्यामुळे आदेश ठाऊक असूनही बेफिकिरीने वागणारा आणि तत्त्वासाठी तो मोडणारा, दोघेही याच कलमाच्या कक्षेत येतात. त्यांच्यातील खरा फरक न्यायालयाबाहेर, सार्वजनिक विवेकापुढे ठरतो : एक शिक्षा टाळू पाहतो, तर दुसरा तीच शिक्षा आपला युक्तिवाद म्हणून समाजापुढे ठेवतो.