दौतीतले शब्द आणि इंग्रजीचे आरंभीचे कोश

१६०१ साली बेन जॉन्सन याचे ‘पोएटॅस्टर’ हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. नाटकाचे स्थळ ऑगस्टस बादशहाचे रोम असले, तरी त्यातील माणसे लंडनचीच होती व प्रेक्षकांनी ती ओळखलीही. ह्या नाटकाच्या शेवटच्या अंकात क्रिस्पिनस नावाच्या एका कुकवीला वांतीचे औषध देण्यात येते. हा क्रिस्पिनस म्हणजे जॉन्सनचा तत्कालीन प्रतिस्पर्धी जॉन मार्स्टन होय. औषध लागू पडते आणि क्रिस्पिनसच्या पोटातून एकामागून एक अवजड शब्द पात्रात पडू लागतात. ‘ऑब्स्ट्युपिफॅक्ट’ म्हणजे दिङ्मूढ झालेला, ‘ऑब्लॅट्रंट’ म्हणजे अंगावर भुंकणारा, ‘व्हेंटोसिटस’ म्हणजे वाऱ्याने फुगलेला. असे शब्द बाहेर पडल्यावाचून रोग्याला बरे वाटणार नाही, असे निदान खुद्द होरेसने केलेले असते. आणि होरेसच्या मुखवट्याआड जॉन्सन स्वतःच उभा आहे.

हा प्रसंग आज वाचताना नाटककाराला अभिप्रेत नसलेली एक गंमत लक्षात येते. क्रिस्पिनसने ओकून टाकलेल्या त्याच शब्दांत ‘रेसिप्रोकल’, ‘डिफंक्ट’, ‘स्प्युरिअस’, ‘स्ट्रेन्युअस’, इतकेच नव्हे तर ‘कॉन्शस’ हाही शब्द आहे. ‘क्लम्झी’ हा तर लॅटिन कुळातला नव्हेच. त्याचे मूळ उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन बोलीत सापडते. पण तोही पात्रात पडला. जॉन्सनसारख्या भाषेची उत्तम जाण असलेल्या पंडिताने जे शब्द अपच्य म्हणून बाहेर काढले, त्यांतील निम्म्यांच्या आसपास शब्दांवाचून आज कोणत्याही इंग्रजी लेखकाचे भागणार नाही. उरलेले मात्र खरोखरच मेले आणि ‘दुर्मिळ व चमत्कारिक शब्द’ ह्या सदराखाली जाऊन पडले. त्या शब्दांची ही वाटणी कोणत्या नियमाने झाली, हे सांगणे त्या काळच्या कोणालाच शक्य नव्हते. आजही ते सोपे नाही.

ह्या भांडणाची मुळे जॉन्सनच्या आधीच्या सत्तर वर्षांत आहेत. विद्वानांची भाषा लॅटिन, दरबारी व कायदेशीर व्यवहारावर फ्रेंचची छाप, आणि घरादारात इंग्रजी, अशी स्थिती इंग्लंडात शतकानुशतके होती. मुद्रणकला आली, ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरे होऊ लागली, आणि मग इंग्रजीतून राज्यनीती, तर्क, वैद्यक हे विषय कसे मांडावयाचे, असा प्रश्न निर्माण झाला. सर टॉमस एलियट याने १५३१ सालच्या आपल्या राज्यनीतिविषयक ग्रंथात ‘मॅच्युरिटी’सारखे शब्द लॅटिनमधून उचलले व ते का उचलले ह्याची कारणेही वाचकांपुढे ठेवली. नवा शब्द वापरताच त्याच्या जोडीला परिचित शब्द ठेवून अर्थ उलगडावयाचा, अशी त्याची रीत होती. ती शिक्षकाची रीत होती. त्याच्यामागून आलेल्या कित्येकांनी मात्र एलियटचे शब्द घेतले आणि त्याची काळजी मागे ठेवली.

त्या काळी लेखक शाई ठेवण्यासाठी शिंगाची लहान दौत वापरीत. म्हणून जे शब्द तोंडात कधी नव्हते आणि केवळ लेखणीच्या टोकावर जन्मले, त्यांना ‘इंकहॉर्न टर्म्स’, म्हणजे दौतीतले शब्द, असे हेटाळणीचे नाव पडले. टॉमस विल्सन याने १५५३ सालच्या ‘आर्ट ऑफ ऱ्हेटोरिक’ ह्या आपल्या ग्रंथात अशा शब्दांनी खच्चून भरलेले एक विनोदी पत्र दिले आहे. ‘फॅटिगेट’, ‘ॲडज्युव्हेट’, ‘ऑब्टेस्टेट’ असे शब्द त्यात आहेत, आणि ते मृत आहेत. पण ‘सेलिब्रेट’, ‘एक्स्टॉल’, ‘रिलिंक्विश’ हेही त्याच पत्रात थट्टेसाठी योजलेले आहेत! जॉन्सनच्या फजितीची ही जणू पूर्वतयारीच म्हणावयाची. विल्सनची मूळ तक्रार मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. परदेशी जाऊन आलेले, न्यायालयात वावरणारे, अर्धवट लॅटिन शिकलेले लोक आपल्या आयांची भाषा विसरू लागले असून त्यांचे बोलणे आता त्यांच्या आयांनाही कळणार नाही, असा तिचा आशय होता.

सर जॉन चीक हा केंब्रिजमधला ग्रीकचा नामांकित प्राध्यापक आणि सहाव्या एडवर्डचा शिक्षक. त्याने १५५७ साली टॉमस होबी यास लिहिलेल्या पत्रात इंग्रजी शुद्ध व निर्भेळ ठेवावी, अन्यथा उसने घेत राहून परत न करणारी ही भाषा एक दिवस दिवाळखोर होईल, असा विचार मांडला. चीकने मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना ‘सेंच्युरियन’ऐवजी ‘हंड्रेडर’, ‘ल्यूनॅटिक’ऐवजी ‘मून्ड’ आणि ‘रिझरेक्शन’ऐवजी ‘गेनरायझिंग’ असे देशी शब्द घडविले. १५७३ साली राल्फ लीव्हर याने तर सबंध तर्कशास्त्रच मायबोलीत आणण्याचा घाट घातला. तर्कशास्त्राला ‘विट्क्राफ्ट’, निष्कर्षाला ‘एंडसे’, व्याख्येला ‘सेव्हॉट’. हे शब्द घडणीच्या दृष्टीने निर्दोष आहेत; अडाण्यालाही ते फोड करून कळावेत. तरीही त्यांतला एकही टिकला नाही. दौतीतल्या शब्दांविरुद्ध लढणाऱ्यांनी घडविलेले शब्दही शेवटी दौतीतलेच ठरले, ह्यासारखी क्रूर चेष्टा भाषेच्या इतिहासात थोडी सापडेल.

मराठी वाचकाला येथे रघुनाथ पंडिताच्या राज्यव्यवहारकोशाचे स्मरण होईल. शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या त्या कोशातही परकीय शब्दांची जागा घेणारे प्रतिशब्द आहेत. मात्र दोहोंची वाट निराळी. चीक अभिजात भाषेकडून मातीकडे वळला, तर रघुनाथ पंडित फारसीकडून संस्कृताकडे गेला. तेव्हा ‘शुद्धी’ ह्या एकाच नावाखाली दोन्ही प्रयत्न एकत्र बांधण्यात फारसे हशील नाही.

इंग्रजीत भांडणाचा निकाल पंडितांनी लावला नाही. शब्द येत राहिले, छापले जात राहिले. आणि ज्यांना लॅटिन येत नव्हते त्यांची अडचण वाढत गेली. लॅटिन शिकविणाऱ्या शाळा मुलग्यांसाठी होत्या. वाचता येणारी, प्रवचने ऐकणारी, धर्मग्रंथ हाताळणारी स्त्री ह्या नव्या इंग्रजीपुढे आपल्याच भाषेत परकी ठरत होती. इंग्रजीचा पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश ह्या अडचणीतून जन्मास आला, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात बहुधा ओझरती सांगितली जाते. वस्तुतः तिला अधिक महत्त्व द्यावयास हवे.

रॉबर्ट कॉड्री हा रटलंड परगण्यातला शाळामास्तर व पुढे पाद्री झालेला मनुष्य. प्रस्थापित चर्चच्या विधींशी त्याचे पटले नाही. त्यामुळे त्याला आपली वृत्ती गमवावी लागली आणि त्याविरुद्ध चाललेला त्याचा खटला इंग्रजी कायद्याच्या इतिहासात नोंदला गेला. म्हातारपणी, १६०४ साली, मुलगा टॉमस याच्या साहाय्याने त्याने ‘टेबल ॲल्फाबेटिकल’ नावाचे लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सुमारे अडीच हजार ‘कठीण, रूढ’ शब्द होते. स्त्रियांसाठी आणि लॅटिन न शिकलेल्या इतर कोणासाठीही हे पुस्तक आहे, असे मुखपृष्ठावरच छापले होते, आणि ते हॅरिंग्टन घराण्यातील पाच भगिनींना अर्पण केलेले होते. अर्थ द्यावयाचे ते एका-दोन शब्दांत. फ्रेंचमधून आलेल्या व ग्रीकमधून आलेल्या शब्दांना निरनिराळ्या खुणा. अक्षरक्रमाने शब्द शोधावा कसा, हेही कॉड्रीला समजावून सांगावे लागले: शब्द ‘ए’ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या आरंभी पाहावे, ‘व्ही’ने असेल तर शेवटाकडे. कोश ही वस्तूच वाचकाला नवी होती, हे ह्यावरून ध्यानी यावे.

ह्या पुस्तकाची प्रस्तावना आणखीच मौजेची आहे. दौतीतल्या शब्दांवर विल्सनने केलेला हल्ला कॉड्रीने आपल्या प्रस्तावनेत जवळजवळ शब्दशः उतरवून घेतला आहे, विल्सनचे नाव न घेता. कठीण शब्दांचा कोश कठीण शब्दांच्या निंदेने उघडतो, ही विसंगती त्याला जाणवली नसेल असे नाही. गुरुजींना दोन्ही गोष्टी हव्या होत्या: लोकांनी साधे बोलावे, आणि जे साधे बोलत नाहीत त्यांच्यापुढे कोणी हतबल होऊ नये. कोशातले शब्दही त्याने स्वतः वेचले असे नव्हे. एडमंड कूटच्या शालेय पुस्तकातून आणि टॉमस टॉमसच्या लॅटिन कोशातून त्याने बरेच घेतले. ‘कॉन्क्रुशिएट’ म्हणजे सोबत छळणे. असा शब्द कोणत्या स्त्रीने कोणत्या प्रवचनात ऐकला असेल, ह्याची शंकाच आहे. लॅटिन कोशातला शब्द घ्यावयाचा, त्याचे शेपूट कापून इंग्रजी शेपूट जोडावयाचे, की झाला इंग्रजी शब्द! ही खोड पहिल्याच कोशाला लागली.

१६१६ साली जॉन बुलोकर ह्या वैद्याने ‘इंग्लिश एक्स्पॉझिटर’ प्रसिद्ध केला. त्यात जुन्या, प्रचारातून गेलेल्या शब्दांना तारकेची खूण आहे. मगरीविषयी लिहिताना मात्र वैद्यबुवा कोशाची शिस्त विसरून रंगात येतात. मगर माणसाचे धड खाऊन त्याच्या मस्तकावर अश्रू ढाळते, ही कथा ते सांगतात. मराठीतला ‘नक्राश्रू’ ह्याच पाश्चात्त्य समजुतीतून आला. शिवाय लंडनात आणलेली एक मेलेली पण अखंड मगर आपण डोळ्यांनी पाहिल्याची साक्षही ते देतात. आजच्या कोशकाराला अशी मोकळीक नाही, ह्याचे थोडे वाईटच वाटते.

परंतु खरी कमाल १६२३ च्या हेन्री कॉकरमची. ‘इंग्लिश डिक्शनरी’ हे नाव प्रथम घेणाऱ्या ह्या कोशाचे तीन भाग होते. पहिल्यात निवडक कठीण शब्द व त्यांचे सोपे अर्थ; दुसऱ्यात नेमके उलट, सोपा शब्द पाहावा आणि त्याचा भारदस्त पर्याय उचलावा; तिसऱ्यात देवदेवता, पशुपक्षी इत्यादी. कॉड्रीचा कोश समजण्यासाठी होता. कॉकरमच्या दुसऱ्या भागाचा उपयोग न समजेल असे बोलण्यासाठी व्हावयाचा. ‘ॲबेक्विटेट’ म्हणजे घोड्यावर बसून निघून जाणे. ‘कॉमोट्रिक्स’ म्हणजे मालकिणीचा साजशृंगार चढविणारी-उतरविणारी दासी. ‘बुबुल्सिटेट’ म्हणजे गुराख्याप्रमाणे हाळी देणे. ज्या गुराख्याच्या हाळीसाठी हा शब्द, त्याला तो ऐकविला असता तर त्याची गुरे बुजली असती. थट्टेने वापरल्या जाणाऱ्या शब्दांनाही आपण जागा दिली आहे, असे कॉकरमने स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यामुळे कोठे तो गंभीर आहे आणि कोठे नाही, हे आज ठरविणे कठीण होते.

टॉमस ब्लाउंट हा ह्या मालिकेतला सर्वांत प्रामाणिक मनुष्य. तो कायदा शिकलेला, पण कॅथलिक पंथाचा असल्यामुळे वकिलीत अडथळे आलेला गृहस्थ होता. वीस वर्षांहून अधिक काळ फावल्या वेळात खपून त्याने १६५६ साली ‘ग्लॉसोग्राफिया’ सिद्ध केला. त्यात सुमारे ११,००० शब्द असून अनेकांची व्युत्पत्ती व आधारही दिले आहेत. त्याला अडलेले शब्द केवळ पंडितांच्या ग्रंथांतले नव्हते. तुर्कांच्या इतिहासातले ‘मुफ्ती’ आणि ‘जानिसारी’, आचाऱ्याच्या यादीतले पदार्थ, दुकानात विकावयास ठेवलेले शरबत, कॉफी, चॉकलेट, ह्यांनीही तो अडखळला होता. अवघड शब्द म्हणजे केवळ लॅटिन शब्द, ही समजूत येथे प्रथम ढळते. व्यापाराबरोबर जग लंडनात येत होते आणि त्याचे शब्दही. दोनच वर्षांत कवी मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने ‘न्यू वर्ल्ड ऑफ इंग्लिश वर्ड्स’ काढला. त्यात ब्लाउंटच्या श्रमांवर सर्रास डल्ला मारलेला होता. ब्लाउंटने पंधरा वर्षे राग गिळला आणि १६७३ साली फिलिप्सच्या चुकांचे एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले.

ह्या परस्पर उचलेगिरीचा एक परिणाम पुढे दीर्घकाळ टिकला. एका कोशात शिरलेला शब्द दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात जाऊ लागला. प्रत्येक नोंद मागल्या नोंदीला साक्षीदार ठरू लागली आणि मूळ बोलणारा कोणीच नसला तरी चालू लागले. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात अशा शब्दांपुढे मागील कोशाचे नाव किंवा ‘डिक्ट.’ एवढेच लिहून हात झटकले. आपल्याला ह्याचा वापर कोठे आढळला नाही, असा त्याचा अर्थ. तरी तोही फसलाच. जुन्या छपाईतला लांबट ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसे, कॅम्डेनच्या लेखनातील ‘सूप’ ह्या क्रियापदाऐवजी जॉन्सनने ‘फूप’ वाचले आणि एकाएकी जोराने रेटणे अशा अर्थाने ते कोशात नोंदविले.

वॉल्टर स्कीट याने १८८६ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढील अध्यक्षीय भाषणात अशा शब्दांना ‘घोस्ट-वर्ड्स’, म्हणजे भुताटकीचे शब्द, असे नाव दिले. राजमुकुटाखालच्या टोपीचा वाचक मानला गेलेला ‘ॲबॅकॉट’ हा त्यांतला प्रसिद्ध होय; मूळ ‘बायकॉकेट’ हा शब्द बखरकारांच्या व मुद्रकांच्या हातून विकृत होत होत तो तयार झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या कोशांतून मिरवला. स्कीटने दिलेले दुसरे उदाहरण भारताशी निगडित आहे. १८०८ साली ‘एडिंबरो रिव्ह्यू’त हिंदूंच्या व्रतांचे वर्णन करताना, काही जण आकड्याला लोंबकळतात व काही जण हातांतून ‘काइम्स’ आरपार घालतात, असे छापले गेले. आकड्याला लोंबकळणे म्हणजे आपल्याकडील बगाड. पण ‘काइम्स’ हे कोणते भीषण हत्यार? वाचकांनी ते एखादे पौर्वात्य शस्त्र म्हणून मानून घेतले असते तर नवल नव्हते. प्रत्यक्षात ते ‘नाइव्ह्ज’, म्हणजे साध्या सुऱ्या; मुद्रणदोषाने त्यांचे रूप पालटले होते. दूरच्या लोकांविषयी कोणताही विचित्र शब्द खपून जातो, हे ह्या नोंदीत जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या लांबलचक प्रबंधातही दिसणार नाही.

ऑक्सफर्डचा महाकोश १८८४ पासून खंडशः निघू लागला व १९२८ साली पूर्ण झाला. प्रत्येक शब्दाला प्रत्यक्ष वापराची तारीखवार अवतरणे हवीत, हा त्याचा दंडक. त्यामुळे कॉकरमच्या प्रजेची खरी झडती प्रथम तेथे झाली. अनेकांच्या नावामागे मृतत्वाची खूण लागली, आणि साक्ष म्हणून कॉकरमखेरीज कोणी पुढे आले नाही.

कॉड्रीच्या छोट्या पुस्तकाच्या १६०४ ते १६१७ ह्या काळात चार आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीची आज एकच प्रत शिल्लक असून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. बाकीच्या प्रती घरोघरी हाताळल्या जाऊन झिजून गेल्या असाव्यात.