पडद्यावरची प्रत

एकनाथांनी शके 1506 मध्ये, तारण संवत्सरात, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. मूळ प्रत हाती नसली की उपलब्ध प्रतींवरून मागे जायचे, ही मराठी संशोधनाची जुनीच वाट आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेल्यावर महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले आणि त्यातूनच त्याचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. हीच वाट एके दिवशी आम्हाला संगणकात चालावी लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

कंधार तालुक्यातील एका विद्यार्थ्याने घरच्या पोथीच्या शेवटच्या पानाचे छायाचित्र आणले होते. विभागातील एका उत्साही सहकाऱ्याने ते संगणकाचा वॉलपेपर म्हणून लावले. पुढे त्या कुटुंबाने घर बदलले आणि त्यात पोथीचे बासन हरवले. कॅमेऱ्यातील कार्ड कधीच पुसले गेले होते. गुणपत्रकांना जागा हवी म्हणून कुणीतरी संगणकातील छायाचित्रांचा फोल्डरही काढून टाकला. उरले ते फक्त पडद्यावरचे पान, आणि त्यातील पुष्पिकेच्या नेमक्या शकावर कचरापेटीचे चिन्ह बसलेले!

चिन्हे बाजूला सारून पडद्याचाच फोटो घ्यावा, असे एकाने सुचवले. परंतु आमचा पडदा 1024 गुणिले 768 बिंदूंचा, म्हणजे जेमतेम पावणेआठ लाख बिंदूंचा होता. मूळ छायाचित्र होते 50 लाख बिंदूंचे. बारीक अक्षर वाचायचे तर पडद्यामागची फाईलच हवी होती.

फोल्डर काढून टाकला तरी चित्र दिसते, याचा अर्थ संगणकाने त्याची स्वतःपुरती एक नक्कल करून ठेवली आहे. या नकलेला इतिहास आहे. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये वॉलपेपरचे नाव ‘विन.आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाईलीत एका ओळीत लिहिलेले असे. कुणीही उघडून वाचावे. नंतर ती नोंद रजिस्ट्रीत, वापरकर्त्याच्या ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘डेस्कटॉप’ या कप्प्यात गेली. 2001 च्या एक्सपीमध्ये (कॅलिफोर्नियातील ती हिरवी टेकडी सर्वांना आठवत असेल, चार्ल्स ओरियर यांनी ती 1996 साली टिपली होती) जेपीजी चित्र वॉलपेपर म्हणून लावले की त्याची बीएमपी प्रत तयार होई. ‘वॉलपेपर1’ नावाची ही प्रत ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये वापरकर्त्याच्या नावाखाली, ‘लोकल सेटिंग्ज’, मग ‘ॲप्लिकेशन डेटा’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’ अशी आत दडलेली असे. ‘लोकल सेटिंग्ज’ हा फोल्डर मुळातच अदृश्य, म्हणून आधी लपलेले फोल्डर दाखवण्याची सोय चालू करावी लागते. विंडोज 7 पासून ही जागा ‘ॲपडेटा’तील ‘रोमिंग’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘थीम्स’ अशी आहे आणि फाईलीचे नाव ‘ट्रान्सकोडेडवॉलपेपर’. विंडोज 8 पासून या नावापुढचे ‘जेपीजी’ हे शेपूटही गेले; फाईल बाहेर उतरवून घेऊन ते आपण जोडायचे. मात्र ही नवी प्रत पुन्हा दाबून हलकी केलेली असू शकते. लेखनिकाने नकलताना थोडे गाळावे, तसे.

आमचा संगणक एक्सपीचा निघाला, हे भाग्य. फाईल सापडली, आणि तिचा आकार पाहूनच जीव भांड्यात पडला: सुमारे दीड कोटी बाइट. बीएमपीत एका बिंदूला साधारणतः तीन बाइट लागतात. म्हणजे 50 लाख बिंदू शाबूत होते. आधी दोन सीडींवर प्रती केल्या, मगच पान मोठे करून वाचायला बसलो.

शके 16 इतके स्वच्छ होते. पुढचे दोन अंक कसरीने खाल्लेले. संवत्सर मात्र वाचता आले, आणि ते तारणच निघाले! साठ वर्षांचे चक्र मोजले तर शके 1626 किंवा 1686, म्हणजे इसवी सन 1704 किंवा 1764. एका बाजूला ताराबाईंचा काळ, दुसऱ्या बाजूला पानिपतानंतरचा. तिथी आहे, तेव्हा वार कळला तर पंचांगावरून दोन्हींतला एक शक पक्का होईल. परंतु कॅमेऱ्याने चित्र साठवतानाच ती जागा किंचित फुगवली आहे, आणि जे कॅमेऱ्याने गाळले ते बीएमपी परत आणत नाही. मी ते अक्षर ‘भौ’ वाचतो, म्हणजे भौमवार. माझे सहकारी ‘भृ’ वाचतात, म्हणजे भृगुवार.