मोल्सवर्थ

मोल्सवर्थ हे इंग्लंडमधील एक विरळ, स्थलवाचक आडनाव असून ते पूर्वीच्या हंटिंगडनशर परगण्यातील (१९७४ पासून केंब्रिजशरमध्ये समाविष्ट) याच नावाच्या एका लहान खेड्यावरून पडले आहे. मराठी वाचकाला ते परिचित आहे ते मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशामुळे.

आजच्या इंग्रजीच्या आधारे या नावाची फोड करू पाहणारा हमखास चकतो, कारण नावाचे दोन्ही भाग चालू भाषेतील शब्दांसारखेच दिसतात. त्यांपैकी पहिल्याचा जमिनीखाली बिळे पोखरणाऱ्या ‘मोल’ या प्राण्याशी संबंध नाही. त्या प्राण्याचे हे नाव प्राचीन इंग्रजीत आढळत नाही, ते मध्ययुगीन इंग्रजीत पुढे आले. दुसऱ्याचा मोल किंवा किंमत या अर्थाच्या ‘वर्थ’शीही संबंध नाही. येथील ‘वर्थ’ हा प्राचीन इंग्रजीतील वेगळाच शब्द असून त्याचा अर्थ कुंपणाने बंदिस्त केलेले आवार, आणि पुढे तशा आवारातील शेतवस्ती, असा होतो. टॅमवर्थ, केनिलवर्थ, वाँड्सवर्थ या ग्रामनामांत तोच आहे. नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये त्याच्या जोडीचे ‘वर्दी’ हे रूप (होल्सवर्दी), तर वेल्सच्या सीमेलगत ‘वार्डीन’ हे रूप (ब्रेडवार्डीन) रूढ झाले. उरलेला ‘मोल्स’ हा ‘मूल’ या व्यक्तिनामाच्या षष्ठीचा अवशेष आहे. तेव्हा संपूर्ण नावाचा अर्थ ‘मूल नावाच्या माणसाचे कुंपणबंद आवार’ एवढाच निघतो. डूम्सडे बुक या, विल्यम विजेत्याने करविलेल्या जमीनजुमल्याच्या पाहणीच्या १०८६ मधील दप्तरात हे गाव ‘मोल्सवर्दे’ अशा रूपात नोंदलेले आहे, आणि त्या रूपातून ही फोड स्पष्ट दिसते.

‘मूल’ हे व्यक्तिनाव मात्र चमत्कारिक आहे. प्राचीन इंग्रजीने लॅटिनमधून उचललेल्या या शब्दाचा मूळ अर्थ खेचर असा असून, माणसाला तो बहुधा टोपणनाव म्हणून लागत असावा. वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचे नाव हेच होते. केंटचे राज्य हाती आल्यावर ६८७ मध्ये तेथील लोकांनी त्याला जिवंत जाळले, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. कॅडवाला हे नाव ब्रिटन लोकांच्या भाषेतील असल्याने, संमिश्र रक्ताच्या राजपुत्राला खेचरावरून हे नाव पडले असावे असा तर्क काही अभ्यासक करतात. खेड्याला नाव देणारा मूल हा राजपुत्रच होता असे मानायला मात्र काहीही आधार नाही. तो आपल्या आवारापलीकडे इतिहासाला अज्ञात असलेला कोणी शेतकरी किंवा जमीनदार असणार.

गावाचे नाव माणसाला चिकटण्याची रीत मराठी माणसाला नवी नाही. ‘कर’ लावून झालेल्या आडनावांप्रमाणेच अशी इंग्रजी आडनावेही बहुतेक वेळा गाव सोडून गेलेल्यांना पडतात, कारण गावात राहणाऱ्या सर्वांना तेच नाव दिल्यास ओळख पटण्याचा हेतूच साधत नाही. इंग्रजीत ‘कर’सारखा प्रत्यय नाही; नॉर्मन सत्ता आल्यानंतर कागदपत्रांत गावाच्या नावाआधी ‘चा’ या अर्थी ‘द’ हे फ्रेंच अव्यय लिहीत, आणि पुढील काही शतकांत आडनावे वंशपरंपरागत होत गेली तसे ते गळून नुसते ग्रामनाम उरले. मोल्सवर्थ हे एकाच लहान गावावरून निघालेले आडनाव असल्याने ते विरळ राहिले, यात नवल नाही.

संख्येने थोड्या अशा या नावाला सरदारी प्रतिष्ठा मात्र बरीच लाभली. कॉर्नवॉलमधील पेनकॅरोच्या शाखेला १६८९ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. आयर्लंडमधील शाखेतील रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) डेन्मार्कमधील वकिलातीनंतर तेथील अनियंत्रित राजसत्तेवर टीका करणाऱ्या ग्रंथामुळे गाजला आणि १७१६ मध्ये व्हायकाउंट झाला. पेनकॅरोचाच सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–५५) याने टॉमस हॉब्जच्या समग्र लेखनाचे संपादन केले आणि अखेरच्या काही महिन्यांत तो वसाहतमंत्री होता. हे आडनाव असलेल्या काल्पनिक पात्रांत लेखक जेफ्री विलन्सचा शाळकरी नायजेल मोल्सवर्थ सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याचे शुद्धलेखन इतके भयंकर आहे की एका कोशकाराच्या आडनावावर हा अन्यायच म्हणावा लागेल.

तो कोशकार म्हणजे मुंबई इलाख्याच्या लष्करातील अधिकारी जेम्स टॉमस मोल्सवर्थ (जन्म १७९५). जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधू आणि शास्त्रीपंडितांचा एक गट यांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सुमारे ६०,००० शब्दांची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. १९७५ मध्ये पुण्यात तिचे पुनर्मुद्रण झाले. मराठी अभ्यासकांच्या बोलण्यात ‘मोल्सवर्थ’ म्हटले की आज व्यक्तीऐवजी ग्रंथच अभिप्रेत असतो, आणि एखादा शब्द ‘मोल्सवर्थमध्ये आहे’ असे म्हटल्यावर तो कोश असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.